वाचतं घडाघडा, पण कळत नाही: दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांची शब्दसंपत्ती आणि आकलन कसं वाढवायचं

दोन भाषांत वाढणारं मूल तिसरीपर्यंत बहुधा कुणाला काळजीत टाकत नाही. गोष्टीचं पान घडाघडा वाचून दाखवतं, बोलता बोलता एका भाषेतून दुसरीत जातं, त्याचं कौतुकही होतं. मग पुस्तकं बदलतात. गोष्टींच्या जागी माहिती येते, वाक्यं लांबतात, ‘परिणामी’, ‘प्रमाण’, ‘त्याउलट’ असे शब्द दिसायला लागतात. आणि तेच मूल अख्खं पान न अडखळता वाचून झाल्यावर ‘काय होतं त्यात?’ असं विचारलं की गप्प बसतं. घरचे म्हणतात, लक्ष नाही. शाळा म्हणते, वाचन वाढवा. पण म्हणजे उद्या संध्याकाळी नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही.

हा लेख पालकांसाठी आणि प्राथमिक शिक्षकांसाठी आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. शब्दांच्या याद्या पाठ करायला लावणं हा यावरचा सगळ्यात लोकप्रिय उपाय आहे आणि फळ सगळ्यात कमी त्याचंच मिळतं. मूल जे वाचतंय त्यातलेच मोजके शब्द उचलायचे, त्याची जी भाषा जास्त पक्की आहे तिच्या आधाराने ते खोलात जाऊन शिकवायचे, आणि मग त्या शब्दामुळे त्याला वाक्याचा अर्थ लागतो का ते बघायचं. वेळ लागतो, पण फरक इथेच पडतो.

पायरी १: नेमकं अडतंय कुठे?

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: आकलन म्हणजे अक्षरं ओळखून वाचण्याची क्षमता गुणिले ऐकलेली भाषा समजण्याची क्षमता. यातली गंमत ‘गुणिले’मध्ये आहे. बेरीज असती तर एका बाजूची कमतरता दुसरी बाजू भरून काढू शकली असती. गुणाकारात तसं होत नाही. वाचन ०.९ आणि भाषेची समज ०.४ असेल, तर हाती येतात फक्त ०.३६. पुढे १९९० मध्ये वेस्ली हूवर आणि गॉफ यांनी हे सूत्र स्पॅनिश-इंग्रजी बोलणाऱ्या द्वैभाषिक मुलांवरच तपासलं आणि ते टिकलं.

घरी हे तपासायला अर्धा तास पुरतो. सारख्याच अवघडपणाचे, मुलाने आधी न पाहिलेले, शंभर-दीडशे शब्दांचे दोन उतारे घ्या. पहिला मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. दुसरा तुम्ही वाचून दाखवा, पुस्तक त्याच्यासमोर ठेवू नका. प्रत्येक उताऱ्यानंतर ‘काय सांगितलंय, तुझ्या शब्दांत सांग’ म्हणा, आणि ‘कुठल्याही भाषेत सांगितलंस तरी चालेल’ हे आवर्जून सांगा. मग तीन प्रश्न विचारा: एकाचं उत्तर उताऱ्यात सरळ लिहिलेलं असावं, दुसऱ्यासाठी दोन वाक्यं जोडावी लागावीत, आणि तिसरा एखाद्या शब्दाच्या अर्थाचा असावा.

तुम्ही वाचलेलं समजलं पण स्वतः वाचताना अडखळलं, तर अडचण अक्षर-स्पेलिंगची आहे. तिचा इलाज वेगळा, हा लेख त्यासाठी नाही. वाचलं छान, पण स्वतः वाचलेलंही समजलं नाही आणि ऐकलेलंही, तर अडचण भाषेची आहे, आणि तिच्यात मोठा वाटा शब्दांचा असतो. समजलं सगळं पण सांगितलं फक्त दुसऱ्या भाषेत, तर आकलन शाबूत आहे, त्या भाषेत व्यक्त होणं कमी पडतंय. या मुलाला ‘कळत नाही’ असा शिक्का मारणं अन्यायाचं आहे, आणि शाळेत तो सर्रास मारला जातो, कारण उत्तर एकाच भाषेत मागितलेलं असतं.

देवनागरी वाचणाऱ्या मुलांबाबत एक सावधगिरी हवी. आपल्या लिपीत चिन्ह आणि उच्चार यांचं नातं बरंचसं सरळ आहे. त्यामुळे अर्थाचा गंध नसतानाही मूल मराठी उतारा अस्खलित वाचू शकतं. इंग्रजी स्पेलिंग इतकं सरळ नसल्याने तिथे निदान अडखळणं दिसतं तरी. मराठीतला ओघ ऐकून निर्धास्त होऊ नका.

पायरी २: दोन्ही भाषांची पोतडी एकत्र मोजा

एलन बायलिस्टॉक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ३ ते १० वर्षांच्या १,७३८ मुलांच्या इंग्रजी शब्दसंग्रहाची तुलना प्रसिद्ध केली. द्वैभाषिक मुलांचे गुण एकभाषिक मुलांपेक्षा कमी होते. पण शब्द निरखून पाहिले तेव्हा फरक मुख्यतः घरगुती शब्दांत निघाला. शाळेशी निगडित शब्दांत दोन्ही गट जवळपास सारखे होते. हे साहजिकच आहे. ज्या मुलाच्या घरी इंग्रजी बोललं जात नाही, त्याला घरातल्या वस्तूंची इंग्रजी नावं कुठून कळणार? बार्बरा पिअरसन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्येच अगदी लहान मुलांबाबत दाखवलं होतं की दोन्ही भाषांतले शब्द एकत्र धरले की द्वैभाषिक मुलं मागे दिसत नाहीत.

म्हणून मोजताना असं करा. मूल सध्या वाचत असलेल्या धड्यातले वीस शब्द निवडा. प्रत्येकाबद्दल दोन गोष्टी विचारा: हा शब्द माहीत आहे का, आणि नसेल तर त्यामागची कल्पना दुसऱ्या भाषेत माहीत आहे का? शब्दांचे लगेच दोन ढीग पडतात.

पहिल्या ढिगात असतात कल्पना माहीत असलेले, फक्त नाव नवं असलेले शब्द. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला ‘इव्हॅपोरेशन’ समजलेलं असेल तर ‘बाष्पीभवन’ शिकवायला दोन मिनिटं लागतात. वाफ, बाष्प, ‘तेच ते’ म्हणायचं आणि पुढे जायचं. दुसऱ्या ढिगात असतात कुठल्याच भाषेत न भेटलेल्या कल्पना: ‘प्रातिनिधिक’, ‘तडजोड’, ‘हक्क आणि सवलत यांतला फरक’. इथे दुसऱ्या भाषेतला प्रतिशब्द सांगून काहीच होत नाही, कारण तोही रिकामाच असतो. तुमचा सगळा वेळ या ढिगासाठी राखून ठेवा. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे ही वाटणी, आणि शब्दांच्या यादीत नेमकी हीच हरवते.

कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवलं की नव्या भाषेत गप्पा मारण्याइतकी सफाई साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाच्या भाषेत समवयस्कांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. मूल खेळताना फाडफाड बोलतं म्हणून विज्ञानाचं पुस्तकही त्याला कळत असेल, हा समज या दोन आकड्यांमध्येच उघडा पडतो.

पायरी ३: शब्द निवडा, आणि थोडेच निवडा

शब्द निवडताना इसाबेल बेक आणि मार्गारेट मकिओन यांची विभागणी कामाला येते. पहिल्या थरात रोजच्या बोलण्यातले शब्द येतात: पळणे, थंड, आनंदी. ते ऐकून ऐकून येतात. तिसऱ्या थरात एकेका विषयाचे खास शब्द येतात: परागीभवन, अक्षांश, काटकोन. ते त्या विषयाच्या तासाला शिकवले जातातच. मधला थर मात्र अनाथ असतो. ‘घटणे’, ‘प्रमाण’, ‘निष्कर्ष’, ‘अनिच्छेने’, ‘तुलनेने’, ‘गृहीत धरणे’ हे शब्द सगळ्या विषयांत येतात, पण शिकवतं कुणीच नाही. प्रत्येक शिक्षकाला वाटतं, एवढं तर येतच असेल. निवड याच थरातून करा.

एका उताऱ्यातून तीन-चार शब्द बस्स. आठवड्याला आठ-दहा. जास्त घेतले तर त्यांची पुन्हा यादी होते.

निवडताना आणखी एक जात हुडका: मुलाला येतात असं वाटणारे शब्द. ‘वर्ग’ कुणाला माहीत नाही? मूल त्यात रोज बसतं. पण ‘पाचचा वर्ग’, ‘प्राण्यांचे वर्ग’ आणि ‘श्रमिक वर्ग’ हे तीन निराळे वर्ग आहेत. ‘मूळ’ झाडाचं असतं, संख्येचं असतं, ‘मूळ कल्पना’ही असते. ‘पद’ व्याकरणात वेगळं, गणितात वेगळं, कार्यालयात वेगळं. इंग्रजीत ‘टेबल’, ‘स्केल’, ‘व्हॉल्यूम’, ‘डिग्री’ हेच करतात. अनोळखी शब्दापाशी मूल निदान थांबतं. अशा शब्दापाशी थांबतच नाही, चुकीचा अर्थ घेऊन तसंच पुढे जातं.

याच जातीतले पण अधिक फसवे म्हणजे वाक्प्रचार. ‘त्याने काढता पाय घेतला’ यातला प्रत्येक शब्द मुलाला येतो. इंग्रजीतलं ‘पुट ऑफ’ किंवा ‘गिव्ह इन’ तसंच. सुटे शब्द विचारले तर सगळे बरोबर, वाक्य विचारलं तर शून्य. शब्दांची परीक्षा घेताना हे निसटतं, म्हणून उताऱ्यावर पेन्सिलने खुणा करताना दोन-तीन शब्दांचे असे गटही अधोरेखित करा.

मराठीबरोबर हिंदी वाचणाऱ्या मुलांसाठी आणखी एक खूणगाठ: लिपी तीच, शब्द तोच, अर्थ भलताच. हिंदीतली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. मराठी डोळ्यांनी वाचलं तर अख्खा परिच्छेद उलटा होतो.

पायरी ४: एक शब्द नीट शिकवायचा म्हणजे काय?

हा उतारा बघा, मुद्दाम पाठ्यपुस्तकी थाटात लिहिला आहे:

‘धरणातील पाण्याची पातळी झपाट्याने घटू लागली, तरीही पाण्याच्या वापराचे प्रमाण मात्र कमी झाले नाही. परिणामी, उन्हाळ्याच्या अखेरीस प्रशासनाला पुरवठ्यावर निर्बंध घालावे लागले.’

दोनच वाक्यं. समजा मुलाची इंग्रजी पक्की आहे आणि मराठी कच्ची. ‘धरण’, ‘पाणी’, ‘उन्हाळा’ या तीन शब्दांच्या बळावर ते म्हणेल, ‘उन्हाळ्यात पाणी संपलं.’ उताऱ्यात हे लिहिलेलंच नाही. पाणी संपलेलं नाही, आणि निर्बंध आले ते वापर आटोक्यात न आल्यामुळे. ओळखीच्या शब्दांवरून गोष्ट रचणं ही या मुलांची नेहमीची युक्ती असते. गोष्टींच्या पुस्तकात ती बऱ्याचदा लागू पडते, म्हणूनच उशिरा पकडली जाते.

यातला ‘निर्बंध’ घेऊ. शब्दकोशातला अर्थ उतरवून घेण्याची पद्धत मला कधीच पटलेली नाही. तिथे ‘प्रतिबंध, मर्यादा’ असं काहीतरी मिळतं, म्हणजे एका अनोळखी शब्दाच्या बदल्यात दोन. त्याऐवजी बोलीत समजावून सांगा: ‘एखादी गोष्ट पूर्ण बंद केलेली नाही, पण किती करायची, कधी करायची, यावर कुणीतरी मर्यादा घातली आहे.’ लगेच विचारा, ‘इंग्रजीत याला काय म्हणशील?’ ‘रिस्ट्रिक्शन’ आला तर उत्तम, ‘लिमिट’ आला तरी पुरे. ‘बॅन’ आला तर आणखीच छान, कारण आता फरक दाखवता येतो. बंदी म्हणजे अजिबात नाही. निर्बंध म्हणजे अमुक इतकंच.

मग शब्द हलवून बघा. ‘रोज अर्धा तासच मोबाइल बघायचा, हा निर्बंध की बंदी?’ ‘ग्रंथालयात बोलायचंच नाही?’ ‘एका वेळी दोनच पुस्तकं न्यायची?’ मुलाने नुसतं हो-नाही म्हणू नये, कारण सांगावं. कारण सांगताना शब्द त्याच्या तोंडून येतो, आणि तो यायलाच हवा. त्यानंतर शब्दाची सोबत दाखवा: निर्बंध ‘घालतात’, ‘लादतात’, ‘उठवतात’, ‘शिथिल करतात’. ‘निर्बंध केले’ कुणी म्हणत नाही. शब्द कुणाच्या सोबतीने येतो हे माहीत असलं की पुढच्या वेळी ‘निर्बंध शिथिल’ हे दोन शब्द एकत्र ओळखू येतात आणि वाचन पुढे सरकतं.

शेवटी उताऱ्याकडे परत या. ही गोष्ट हमखास राहून जाते. ‘आता सांग, निर्बंध का आले?’ मूल ‘वापर कमी झाला नाही म्हणून’ म्हणालं, तर शब्द कामाला लागला. ‘उन्हाळा होता म्हणून’ म्हणालं, तर शब्द पाठ झालाय पण वाक्य अजून जुळलेलं नाही. मग पुढच्या दोन पायऱ्या लागतात.

मराठी पक्की आणि इंग्रजी कच्ची असेल तर हीच रीत उलट्या दिशेने. ‘रिलक्टंट’ आला की मराठीत सांगा: ‘करायला नाही म्हणत नाही, पण मनापासून तयारही नाही.’ उदाहरणं मराठीत, कारणं मराठीत, शब्द फक्त इंग्रजी. ‘इंग्रजी वाचताना घरची भाषा आणू नका’ हा सल्ला अजून दिला जातो. तो मानून मूल अर्थाविनाच पुढे जात असेल तर भाषा शुद्ध ठेवून मिळवलं काय?

एका शब्दाला पाचेक मिनिटं लागतील. जीन वेलेटने २००६ मध्ये दाखवलेला एक फरक इथे महत्त्वाचा: किती शब्द येतात याचा संबंध शब्द अचूक वाचण्याशी जास्त दिसला, आणि ते किती खोलवर येतात याचा आकलनाशी. पाच मिनिटं जातात ती या खोलीसाठी.

पायरी ५: शब्द उकलायला शिकवा

सगळे शब्द शिकवून होत नाहीत. विल्यम नॅगी आणि रिचर्ड अँडरसन यांनी १९८४ मध्ये अमेरिकी शाळांच्या छापील इंग्रजीत सुमारे ८८,५०० शब्दकुळं (एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांचे गट) असल्याचा अंदाज मांडला होता. आठवड्याला दहाच्या हिशेबाने हे कधी संपणार! म्हणून मुलाला उकल शिकवायची.

मराठीचं यात फार सोपं आहे. ‘जीव’ हातात आला की सजीव, निर्जीव, जीवाश्म, जीवशास्त्र, उपजीविका मागोमाग येतात. ‘माप’ आला की मापन, परिमाण, प्रमाण एकाच घरातले दिसतात. अ-, निर्-, उप-, प्रति-, पुनर्- या उपसर्गांचे आणि -ईकरण, -ता, -शील, -हीन या शेवटांचे गट करा. इंग्रजीत अन-, रि-, डिस-, मिस- आणि -लेस, -फुल, -मेंट एवढ्यांनी बरीच मजल मारता येते. स्पॅनिश आणि इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना दोन्ही भाषांत दिसायला सारखे असलेले हजारो शब्द फुकट मिळतात. मराठी-इंग्रजी जोडीला ती सोय जवळजवळ नाही, उसने घेतलेले शब्द सोडले तर. पण ‘शब्दाचे तुकडे पडतात आणि तुकड्याला अर्थ असतो’ ही जाण मात्र एका भाषेतून दुसरीत जाते. ‘निर्-’ समजलेल्या मुलाला ‘-लेस’ समजायला वेळ लागत नाही.

फक्त उकल केली की ती वाक्यावर तपासायची सवय लावा. वरच्याच उताऱ्यातला ‘निर्बंध’ घ्या. निर्जीव म्हणजे जीव नसलेलं, तर निर्बंध म्हणजे बंध नसलेलं, मोकळं! हुशार मूल असाच तर्क लढवील आणि तो साफ चुकेल. त्याला शाबासकी द्या, कारण पद्धत बरोबर होती. मग विचारा, ‘पाणी कमी झालं म्हणून मोकळीक देतील का?’ उकलीने अंदाज मिळतो, त्याचा निकाल वाक्य लावतं.

पायरी ६: छोटे शब्द आणि न लिहिलेल्या गोष्टी

‘तरीही’, ‘मात्र’, ‘परिणामी’, ‘अन्यथा’, ‘वगळता’, ‘किंबहुना’. इंग्रजीत ‘ऑल्दो’, ‘अनलेस’, ‘व्हेअरअ‍ॅज’, ‘देअरफोर’. यांची चित्रं काढता येत नाहीत, म्हणून ते शब्दांच्या यादीत येतच नाहीत. परिच्छेदाचा अर्थ मात्र यांच्यावर फिरतो. गप्पांमध्ये मुलांचं ‘पण’, ‘म्हणून’ आणि ‘आणि मग’ यांवर भागतं. छापील भाषेत भागत नाही.

सराव सोपा आहे. वाक्य अर्धं सांगा आणि मुलाला पुरं करू द्या: ‘तो वेळेवर निघाला, तरीही…’ ‘तो वेळेवर निघाला, परिणामी…’ एकच सुरुवात, शेवट वेगळे. आधी पक्क्या भाषेत खेळा, मग कच्च्या. ‘अनलेस’ला आपल्याकडे एका शब्दाचा जोडीदार नाही, ‘…शिवाय नाही’ किंवा ‘जोपर्यंत… नाही तोपर्यंत’ असं फिरवून म्हणावं लागतं. त्यामुळे मराठी मुलं तिथे हमखास पडतात. त्यासाठी जादा वेळ धरा.

दुसरी गोष्ट म्हणजे अनुमान. ‘तिने छत्री झटकून दाराशी ठेवली.’ पाऊस पडत होता असं कुठेही लिहिलेलं नाही. जेन ओकहिल आणि निकोला यूल यांनी अस्खलित वाचणाऱ्या पण आकलनात मागे असलेल्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा असे न लिहिलेले दुवे जोडण्यात ती कमी पडताना दिसली. रोज एखाद्या वाक्यावर ‘हे तुला कशावरून कळलं?’ एवढंच विचारा आणि बोट ठेवून दाखवायला सांगा. उत्तर बरोबर असो की चूक, पुरावा मागायचाच. धरणाच्या उताऱ्यात ‘निर्बंध का आले?’ याचं उत्तर ‘परिणामी’वर बोट ठेवल्याशिवाय मिळत नाही, हे मुलाला एकदा दिसू द्या.

यात विषयाची माहितीही आली. ज्याला धरण काय असतं हेच ठाऊक नाही, तो या उताऱ्यातून काय अनुमान काढणार? ती माहिती पक्क्या भाषेत दिलीत तरी कच्च्या भाषेतल्या वाचनाला उपयोगी पडते. नवा धडा सुरू करण्याआधी त्याच विषयावर दुसऱ्या भाषेत दहा मिनिटं बोलणं किंवा एखादा छोटा मजकूर वाचणं, इतकी स्वस्त मदत दुसरी नाही.

पायरी ७: वाचून दाखवणं थांबवू नका

‘आता स्वतः वाचता येतं ना’ म्हणून पालक वाचून दाखवणं बंद करतात. डोनाल्ड हेज आणि मार्गारेट अ‍ॅरेन्स यांनी १९८८ मध्ये मांडलेले आकडे बघा: मुलांच्या पुस्तकांत दर हजार शब्दांमागे सुमारे ३१ विरळ शब्द, तर शिकलेल्या प्रौढांच्या आपसातल्या बोलण्यात फक्त १७. तुम्ही कितीही छान बोललात तरी पुस्तकाइतके शब्द मुलाच्या कानावर पडणार नाहीत. शिवाय मूल जे वाचू शकतं त्यापेक्षा वरच्या पातळीचं ते ऐकून समजू शकतं. ज्या भाषेत तुम्ही स्वतः सहज आहात, त्या भाषेत वाचा. पालकाच्या अवघडलेल्या इंग्रजीपेक्षा रसाळ मराठी मुलाला अधिक शब्द आणि अधिक कल्पना देते, आणि कल्पना भाषा ओलांडतात.

वाचताना थांबून विचारा: आता काय होईल, ती असं का वागली, तू काय केलं असतंस. दर वाक्याला नको; गोष्टीचा रस जातो.

एकट्याने वाचायच्या पुस्तकाचं गणित निराळं. दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढांवर हू आणि नेशन यांनी २००० मध्ये केलेल्या अभ्यासात, मदतीशिवाय नीट समजायला साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात असं निघालं, म्हणजे शंभरात दोन अनोळखी. मुलांसाठी हा काटेकोर नियम समजू नका, पण अंदाजाला चांगला आहे. शंभर शब्दांच्या पानावर पाच-सहा शब्द अडत असतील तर ते पुस्तक तुमच्याबरोबर वाचायचं, एकट्याने नाही. आणि वाचनातून शब्द आपोआप येतील या भरवशावरही राहू नका. स्वॅनबॉर्न आणि डी ग्लॉपर यांनी १९९९ मध्ये वीस अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा वाचताना भेटलेल्या अनोळखी शब्दांपैकी सुमारे १५ टक्केच पदरात पडतात असं दिसलं. कुटुंबात दोन भाषा असतील तर वाचनाचे तासही वाटले जातात, त्यामुळे प्रत्येक भाषेतला शब्द कमी वेळा भेटतो. म्हणून पुढची पायरी.

पायरी ८: पुन्हा भेट घडवा

एक वही करा. पानावर शब्द, ज्या वाक्यात भेटला ते वाक्य, दुसऱ्या भाषेतला जवळचा शब्द, आणि मुलाने स्वतः केलेलं एक वाक्य. व्याख्या नको. शब्द दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग दोन आठवड्यांनी विचारा. वही उघडून वाचण्यापेक्षा वही मिटून आठवायला लावणं जास्त टिकतं. ‘मागच्या आठवड्यात मर्यादा घालण्याचा एक शब्द आला होता, कुठला बरं?’ असं जाता-येता विचारलं तरी पुरे.

घरातल्यांनी ते शब्द बोलण्यात वापरले तर सोन्याहून पिवळं. ‘आज टीव्हीवर निर्बंध’ हे वाक्य मुलाला आवडणार नाही, पण लक्षात राहील.

महिन्यातून एकदा पायरी १ मधली चाचणी नव्या उताऱ्यावर करा. किती शब्द पाठ झाले ते मोजण्यात अर्थ नाही. दोन वाक्यं जोडणाऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं का, हे बघा. आणि मूल वाचताना स्वतःहून थांबून ‘हे नाही कळलं’ म्हणायला लागलं, तर ती पिछेहाट समजू नका. पूर्वीही कळत नव्हतंच, आता न कळणं त्याच्या लक्षात यायला लागलंय.

तज्ज्ञाकडे कधी जायचं?

एक भाषा कच्ची आणि दुसरी वयानुसार, असं असेल तर बहुधा सराव आणि वेळ पुरतो. दोन्ही भाषांत ऐकलेलं समजत नसेल, दोन्हीत वाक्यं वयाच्या मानाने तोकडी असतील, नवा शब्द अनेकदा भेटूनही टिकत नसेल, किंवा ऐकू येण्याबद्दलच शंका असेल, तर वाट बघू नका. आधी कानांची तपासणी, मग वाचा-भाषा तज्ज्ञ. ‘घरची भाषा बंद करा, मुलाचा गोंधळ होतोय’ असं कुणी सांगितलं तर ते मानू नका. दोन भाषांमुळे भाषेचा विकार होत नाही, आणि घरची भाषा बंद केली की मुलाचा पक्का आधारच जातो.

तज्ज्ञाकडे जाताना शब्दांची वही बरोबर न्या. कुठली भाषा कोणत्या वयापासून, दिवसाचे साधारण किती तास आणि कुणाशी बोलली जाते, हे एका कागदावर लिहून ठेवा. तपासणी दोन्ही भाषांत होणार का, हे वेळ ठरवतानाच विचारा. एकाच भाषेत होणार असेल, तर दुसऱ्या भाषेची माहिती अहवालात कशी घेतली जाईल तेही तिथेच विचारून घ्या.